बायबलचा अभ्यास: ॲप बंद ठेवून सुरुवात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: उत्पत्ती आणि निर्गम ही बायबलची पहिली दोन पुस्तकं भरभर वाचून झाली, तिसऱ्यात, लेवीयात, गाडी रुतली. फोनवर चार ॲप आहेत, त्यांत भाष्यं, कोश, नकाशे सगळं आहे. पण एक अध्याय घेऊन बसलं की अर्ध्या तासात पंधरा खिडक्या उघडलेल्या असतात आणि अध्याय होता तिथेच राहतो. तर पार्श्वभूमी नेमकी किती लागते, कुठली साधनं ठेवायची, आणि हिब्रू-ग्रीक आल्याशिवाय खरा अभ्यास होतो का?

मी वीस-बावीस वर्षं लहान गटांना बायबल शिकवते आहे. गटात श्रद्धेने वाचणारे असतात, नुसत्या कुतूहलाने आलेले असतात, एखादा वाद घालायलाच आलेला असतो. तिघांचीही अडचण बहुतेक वेळा तुमच्यासारखीच निघते. साधनांची टंचाई कुणालाच नाही. प्रश्न पडायच्या आधीच उत्तरं समोर येऊन पडतात, हे दुखणं आहे. कोश कशासाठी उघडला हे ठाऊक नसेल तर त्यात काहीही सापडतं आणि तेवढंच खरं वाटू लागतं. म्हणून माझा नियम साधा आहे: मजकुरातून एक प्रश्न हाती लागेपर्यंत कुठलंही साधन उघडायचं नाही, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की ते मिटायचं.

प्रश्न पडायला आधी सलग वाचावं लागतं. रोज पाच-दहा वचनं हा भक्तीचा क्रम म्हणून छान आहे, पण पुस्तक त्यातून कळत नाही. अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आज वापरात असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, स्टीफन लँगटन यांच्या नावावर आहे. नव्या कराराच्या, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीच्या भागाच्या, वचनांना सध्याचे आकडे रोबेर एस्तिएन या छपाईदाराने १५५१ च्या ग्रीक आवृत्तीत दिले. सोयीसाठी केलेली ही पाडणी काही ठिकाणी नको तिथे पडली आहे. यशयातलं दुःख सोसणाऱ्या सेवकाचं प्रसिद्ध काव्य ५३व्या अध्यायात आहे असं सगळे म्हणतात, पण ते सुरू होतं ५२व्या अध्यायाच्या १३व्या वचनापासून. अध्यायाच्या रेघेवर थांबणाऱ्याला त्याची पहिली तीन वचनं कायम दुसऱ्याच कशाची तरी शेपटी वाटतात.

सुरुवातीला प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घ्या. पंचवीस वचनं, दहा मिनिटं. पेन्सिल घेऊन एवढंच पाहा: पौल मागतोय काय, आणि ते मागायला त्याला किती वेळ लागतो? पहिली सात वचनं नुसतं कौतुक आहे. आठव्यात तो म्हणतो, मला आज्ञा करता आली असती, पण विनंती करतो. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्या, फिलेमोनाच्याच अनेसिम या दासाचं नाव थेट दहाव्या वचनात येतं. ग्रीकमध्ये तर त्या वचनाचा तो शेवटचा शब्द आहे. समोरचा चिडलेला असताना नाव किती उशिरा काढावं याचा हा धडाच म्हणायचा. आता पहिला खरा प्रश्न पडतो: अकराव्या वचनात ‘पूर्वी निरुपयोगी, आता उपयोगी’ असं का म्हटलंय? इथे बायबल कोश उघडा. अनेसिम या नावाचाच अर्थ ‘उपयोगी’ आहे. पौल नावावर कोटी करतोय. कोश मिटा. एका प्रश्नाला एक साधन, दोन मिनिटं.

त्यानंतर मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कने सांगितलेली येशूची कथा, एका बैठकीत, जमल्यास मोठ्याने वाचा. सोळा अध्याय, दीड तास पुरे होतो. पहिल्या शतकात बहुतेक लोकांनी ही पुस्तकं कानांनीच ‘वाचली’, आणि मार्कची घाई, त्याचं सारखं ‘लगेच, लगेच’ हे कानालाच जाणवतं.

आता एक उतारा जरा जवळून दाखवते, कारण कुठलं साधन केव्हा काढायचं हे सांगून कळत नाही. मत्तय १८, वचनं २१ ते ३५. पेत्र विचारतो, भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू सातावर न थांबता भलताच मोठा आकडा सांगतो आणि मग एक दाखला देतो. राजा दासांचा हिशेब घेतो, एकावर दहा हजार तालांत देणं निघतं. तो पाया पडतो, राजा सगळं सोडून देतो. तोच दास बाहेर पडून, आपलं शंभर दिनार देणं लागणाऱ्या सोबत्याची मानगूट धरतो.

पहिलं वाचन फक्त मजकुराचं. पेन्सिलीने सारखे शब्द अधोरेखित करा. २६व्या वचनात पहिला दास जे म्हणतो, जवळपास तेच २९व्यात दुसरा म्हणतो: मला वागवून घ्या, मी फेडीन. शब्द तेच, ऐकणारा वेगळा. यासाठी कुठलंच साधन लागलं नाही, आणि दाखल्याचा कणा इथेच आहे.

दुसरा प्रश्न आपोआप येतो: दहा हजार तालांत म्हणजे किती? अनुवादांत इथे कधी मूळ शब्द ठेवलेला असतो, कधी ओळखीच्या नाण्यात रक्कम बदललेली असते. दोन्हीकडे वाचणारा ‘पुष्कळ पैसे’ एवढं समजून पुढे जातो. कोश सांगतो की एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, आणि मत्तय २० वरून कळतं की एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. करा गुणाकार. सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. दुसऱ्याचं देणं शंभर दिवसांचं, म्हणजे तीन-चार महिन्यांची कमाई. फेडता येण्याजोगं, आणि तसं म्हटलं तर क्षुल्लकही नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो की हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया या दोन्ही मुलुखांतून वर्षाला दोनशे तालांत मिळत. म्हणजे दासाचं देणं त्या राज्याच्या पन्नास वर्षांच्या उत्पन्नाइतकं झालं. शिवाय ‘दहा हजार’ हा ग्रीकमध्ये एका शब्दात सांगता येणारा सर्वांत मोठा आकडा. ऐकणाऱ्यांना इथे हसू फुटलं असणार, असं मला वाटतं. ‘सगळं फेडीन’ हे दासाचं वाक्य मग किती पोकळ वाजतं पाहा.

तिसरा प्रश्न: काही अनुवादांत ‘सातांच्या सत्तर वेळा’ आहे, काहींत ‘सत्त्याहत्तर वेळा’. चूक कुणाची? कुणाचीच नाही, ग्रीक शब्दप्रयोग दोन्हीकडे झुकतो. दोन अनुवाद शेजारी ठेवण्याचा फायदा हाच. जिथे ते वेगळे होतात तिथे खाली काहीतरी आहे हे कळतं, ग्रीक न येता. आता समासातली संदर्भ वचनं पाहा. तिथे उत्पत्ती ४:२४ दिसेल. काइनाच्या वंशातला लामेख आपल्या बायकांपुढे फुशारकी मारतो: काइनाबद्दल सातपट सूड घेतला जाईल, तर लामेखाबद्दल सत्त्याहत्तरपट. जुन्या कराराचा ख्रिस्तपूर्व काळात झालेला ग्रीक अनुवाद, सेप्टुअजिंट, तिथे तोच शब्दप्रयोग वापरतो जो मत्तयात आहे. बायबलच्या पहिल्या पानांवर सूड ज्या मापाने मोजला, त्याच मापाने येशू क्षमा मोजायला सांगतो. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

एवढं झाल्यावर भाष्य उघडा. आता भाष्यकार काही म्हणाला तर तुम्ही त्याच्याशी वाद घालू शकता, कारण तुमच्या हातात पेन्सिलीच्या खुणा आहेत. आधी उघडलं असतं तर नुसती मान डोलावली असती. सगळा मिळून तास-सव्वा तास लागतो.

पार्श्वभूमीकडे येते. त्यातला कालक्रम बहुतेकांना पाठ करायचा असतो आणि म्हणून तो होत नाही. चार-पाच खुंट्या पुरतात. दावीद राजा इ.स.पू. १००० च्या आसपास. अश्शूरने उत्तरेचं इस्राएल राज्य संपवलं ते इ.स.पू. ७२२. बाबेलने यरुशलेम आणि मंदिर पाडलं ते ५८६ (काही जण ५८७ धरतात). बाबेलला नेलेल्या यहुद्यांना पारसी राजा कोरेशने परतायची मोकळीक दिली ५३८ मध्ये. आणि रोमी सैन्याने दुसरं मंदिर पाडलं ते इ.स. ७० मध्ये. कुठलंही पुस्तक उघडलं की एकच विचारा: ही घटना कुठल्या दोन खुंट्यांमध्ये लटकते? पुस्तकांचा छापील क्रम याला मदत करत नाही, उलट फसवतो. संदेष्ट्यांची मोठी पुस्तकं आधी आणि बारा लहान पुस्तकं नंतर लावली आहेत. पौलाची मंडळ्यांना लिहिलेली पत्रं साधारण लांबीच्या उतरत्या क्रमाने आहेत, म्हणून रोमकरांस आधी, थेस्सलनीकाकरांस नंतर. पुस्तकांची संख्यासुद्धा परंपरेप्रमाणे बदलते. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६, कॅथलिकमध्ये ७३. तेव्हा ‘तुमच्यात जास्तीचं काय आहे’ यावर गटात भांडण लागलं की मी अनुक्रमणिका शेजारी ठेवते आणि पुढे जाते.

योनाच्या पुस्तकावर एकच खुंटी लावून पाहा. योनाला गिळणाऱ्या माशापाशीच सगळे अडकतात. पण देवाने त्याला जिथे जाऊन इशारा द्यायला सांगितलं ते निनवे हे अश्शूरचं मोठं शहर, आणि अश्शूर म्हणजे ज्यांनी योनाच्या लोकांचं राज्य बुडवलं ते. लाखीश या यहूदी शहराला इ.स.पू. ७०१ मध्ये घातलेला वेढा अश्शूरी राजा सन्हेरीबाने निनवेतल्या आपल्या महालाच्या भिंतींवर कोरून घेतला होता; ते दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कैद्यांची रांग, सोलले जाणारे लोक, सगळं त्यात आहे. ती चित्रं पाहून मग योना ४:२ वाचा, जिथे तो देवाला चिडून म्हणतो की तू दयाळू आहेस हे ठाऊक होतं म्हणूनच मी पळालो. पुस्तकाचा प्रश्न माशाहून मोठा आहे हे सांगावं लागत नाही.

त्याच सन्हेरीबाचा स्वतःचा वृत्तांतही मातीच्या षट्कोनी स्तंभावर कोरलेला मिळाला आहे. हिज्कीया राजाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखं कोंडलं, असं तो लिहितो. शहर घेतलं असं मात्र लिहीत नाही. २ राजे १८-१९ हे दोन अध्याय याच्याशेजारी ठेवून वाचण्यात जी मजा आहे ती दहा प्रवचनांत नाही. दोन्हीकडचे लेखक आपापल्या देवाच्या आणि राजाच्या बाजूने लिहितात, तरी वेढा, खंडणी, हिज्कीया हे दोन्हीकडे आहे. पुरातत्त्वाकडून एवढीच अपेक्षा ठेवा. ते बायबल ‘सिद्ध’ किंवा ‘खोटं’ करायला बसलेलं नाही. वाचताना मागचा पडदा रंगवून देतं.

नकाशाचं काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, लूक १०:३० मध्ये, एक माणूस यरुशलेमाहून ‘खाली’ यरीहोला जात होता आणि लुटारूंनी त्याला अर्धमेला करून टाकलं. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, यरीहो सुमारे २५० मीटर खाली. जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये हजार मीटरचा उतार, ओसाड डोंगरातून. ‘खाली’ हा शब्द अक्षरशः खरा आहे. आता पुढचं वचन. त्याला पाहूनही न थांबलेला याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, तोसुद्धा त्याच वाटेने खाली जात होता. लूक तेच क्रियापद वापरतो. म्हणजे तो यरुशलेमाकडून येत होता. ‘प्रेताला शिवलो तर मंदिरातली सेवा चुकेल म्हणून तो थांबला नाही’ असं स्पष्टीकरण सर्रास दिलं जातं; पण सेवेला जाणारा माणूस वर चढत असता. स्पष्टीकरण पूर्ण मोडतं असं नाही, पण लंगडं नक्की होतं.

चालीरीतींची पार्श्वभूमी मोहात पाडते, आणि इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, हे येशूचं वचन समजावताना मी कित्येक वर्षं सांगत असे की यरुशलेमात ‘सुईचं नाक’ नावाचा एक बुटका दरवाजा होता, ओझं उतरवून, गुडघे टेकून उंट त्यातून जाई. ऐकणाऱ्यांना फार आवडायचं. एकदा गटातल्या कॉलेजातल्या मुलीने विचारलं, हा दरवाजा कुठे सापडला? शोधायला बसले तेव्हा कळलं की कुठेच नाही. येशूच्या काळात असा दरवाजा असल्याचा पुरावाच नाही. ही गोष्ट शतकांनंतर जन्मली. शिवाय ती मजकुराला बोथट करते. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग कोणाचं तारण होणार? आणि उत्तर येतं, माणसांना हे अशक्य आहे. उंट गुडघे टेकून जाऊ शकत असेल तर अशक्य काय राहिलं? पार्श्वभूमी उताऱ्याच्या पुढच्या वाक्याशी भांडत असेल तर पार्श्वभूमीवर संशय घ्यायचा.

लावदिकीया या शहराचं थोडं वेगळं आहे. प्रकटीकरण ३ मध्ये त्या मंडळीला म्हटलंय, तू थंड नाहीस, ऊनही नाहीस, कोमट आहेस. आपण लगेच उष्ण म्हणजे उत्साही भक्त, थंड म्हणजे नास्तिक, असं लावून टाकतो. मग ‘थंड तरी असतास तर बरं’ याचं काय करायचं कळत नाही. नकाशात शेजारी पाहा: एका बाजूला हेरापली, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, आज ज्याला पामुक्कले म्हणतात ते. दुसऱ्या बाजूला कलस्सै, जिथे थंड, ताजं पाणी. गरम पाणी अंग शेकायला, थंड प्यायला, दोन्ही कामाचं. कोमट कुठल्याच कामाचं नाही. हा अर्थ मजकुराशी जुळतो म्हणून मी तो घेते. पण त्यापुढे जाऊन ‘लावदिकीयाला नळाने हेरापलीचंच गरम पाणी येई आणि वाटेत कोमट होई’ असं जे ठामपणे सांगतात ते सोडून द्या. जलवाहिनीचे अवशेष आहेत, पण पाणी तिथूनच येई हे अभ्यासकांना मान्य नाही. काही जण तर हा सगळा दाखला जेवणाच्या पंगतीतल्या गरम-थंड पेयांवरून घेतला असावा असं म्हणतात. गंमत अशी की दोन्ही वाटांनी अर्थ एकच निघतो. अशा ठिकाणी मी गटाला ‘बहुधा’ हा शब्द वापरायला लावते.

आता भाषा. नाही, हिब्रू-ग्रीक न शिकता चांगला अभ्यास होतो. शिकायची हौस असेल तर जरूर शिका, पण दोन वर्षं लावणार असाल तरच. पंडिता रमाबाईंनी दोन्ही भाषा शिकून आख्खं बायबल मराठीत आणलं, ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये बाहेर पडलं. त्या तपश्चर्येपुढे आपलं अर्धवट व्याकरण काय टिकणार! अर्धवट ग्रीक हे अभ्यासातलं सर्वांत धोकादायक हत्यार आहे. जेम्स स्ट्राँग यांची १८९० सालची शब्दसूची आज प्रत्येक ॲपमध्ये असते. शब्दावर बोट ठेवलं की क्रमांक येतो, क्रमांकापुढे आठ-दहा अर्थ. आणि लोक त्यातला आवडेल तो उचलतात. शब्दाचे सगळे अर्थ एकाच वाक्यात कधीच नसतात. वाक्य त्यातला एक निवडतं.

व्युत्पत्तीचा मोह तर त्याहून वाईट. ‘तेल’ हा शब्द तिळावरून आला. म्हणून खोबऱ्याचं तेल म्हणताना कुणाच्या मनात तीळ येतात का? तरी ग्रीकच्या बाबतीत आपण हेच करतो. रोमकरांस १:१६ मधला ‘दुनामिस’ म्हणजे सामर्थ्य. त्यावरून डायनामाइट शब्द निघाला म्हणून शुभवर्तमान म्हणजे स्फोट, असं मी कितीदा तरी ऐकलंय. डायनामाइटला नाव मिळालं १८६७ मध्ये. पौलाच्या डोक्यात ते असण्याची शक्यता किती, तुम्हीच ठरवा. ‘अगापे म्हणजे फक्त देवाचं निःस्वार्थ प्रेम’ हेही तसंच. २ तीमथ्य ४:१० मध्ये देमासाने पौलाला सोडलं ते या जगाच्या प्रेमापायी, आणि तिथे क्रियापद अगापेचंच आहे. सेप्टुअजिंटमध्ये तर दावीदाचा मुलगा अम्नोन याची सावत्र बहीण तामारेवरची वासना सांगतानाही हाच शब्द येतो. १ करिंथ १३ मधलं प्रेम थोर आहे ते तिथे पौलाने केलेल्या वर्णनामुळे. शब्दाच्या अंगी जन्मजात थोरवी नाही.

त्यापेक्षा मराठी नीट वाचा. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ला एकच शब्द असल्यामुळे जे दडतं ते मराठीत दिसू शकतं. लूक २२:३१-३२ पाहा, येशू पेत्राला म्हणतो: सैतानाने ‘तुम्हांला’ मागितलं, पण मी ‘तुझ्यासाठी’ प्रार्थना केली. सगळ्यांवर संकट, प्रार्थना एका पेत्रासाठी, आणि त्याने वळून बाकीच्यांना सावरायचं. योहान ३:७ मध्येही येशू निकदेमाशी एकट्याशी बोलता बोलता एकदम अनेकवचनात जातो. आणि एक गोष्ट मराठीत आहे जी ग्रीकमध्ये नाही: ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक. वादळात शिष्य झोपलेल्या येशूला उठवून म्हणतात (मार्क ४:३८), बुडतोय याची तुला काळजी नाही का? कोण बुडतंय? ‘आम्ही’ म्हटलं तर येशू त्यातून वगळला जातो, ‘आपण’ म्हटलं तर तोही बुडणार. ग्रीक गप्प आहे. मराठी अनुवादकाला मात्र निवडावंच लागलं. तुमच्याकडच्या दोन अनुवादांत काय आहे ते पाहा, आणि का, यावर दहा मिनिटं घालवा. कुठलंही ॲप हा प्रश्न तुम्हांला विचारणार नाही.

उलटही घडतं. योहान ३:८ मध्ये वारा आणि आत्मा यांना ग्रीकमध्ये एकच शब्द आहे, ‘प्न्यूमा’, आणि सगळी कोटी त्यावर उभी आहे. मराठीला दोन शब्द लागतात आणि कोटी हरवते. अशा ठिकाणी तळटीप वाचायची सवय हवी. तळटिपांना लोक घाबरतात. मार्क १६:९-२० आणि योहान ७:५३-८:११ यांखाली ‘जुन्या प्रतींत हा मजकूर नाही’ अशी टीप दिसली की काहींना आपला विश्वासच डळमळल्यासारखा वाटतो. मला त्या टिपा प्रामाणिकपणाच्या वाटतात. चौथ्या शतकातली सिनाई हस्तलिखिताची प्रत आज कुणालाही संगणकावर पाहता येते. तिच्यात मार्क १६:८ नंतर मजकूर संपतो. टीप तेवढंच सांगते. आणि दुसऱ्या बाजूने, मृत समुद्राजवळच्या कुम्रानच्या गुहांत १९४७ च्या सुमारास मिळालेली यशयाची गुंडाळी तोवर ठाऊक असलेल्या पूर्ण हिब्रू प्रतींहून सुमारे हजार वर्षं जुनी निघाली, आणि बारीकसारीक फरक सोडले तर पुस्तक तेच होतं.

साधनांची निवड मी आता दोन ओळींत उरकते, कारण ती तितकीच आहे. दोन अनुवाद ठेवा: एक बायबल सोसायटीच्या पवित्र शास्त्रासारखा शब्दाला धरून चालणारा, दुसरा सोप्या, आजच्या मराठीतला. संदर्भ वचनं असलेली प्रत, एक खंडाचा बायबल कोश, नकाशे. इंग्रजी वाचता येत असेल तर केंब्रिजच्या टिंडेल हाऊसचं स्टेप बायबल फुकट आहे आणि त्यात एखादा मूळ शब्द कुठे कुठे आला ते नीट दिसतं. भाष्याबाबत मात्र सावध राहा. ॲपमध्ये फुकट मिळणारी भाष्यं फुकट असतात कारण ती जुनी आहेत. मॅथ्यू हेन्री १७१४ मध्ये वारले. त्यांचा भक्तीभाव आजही वाचावा असा आहे, पण कुम्रान सोडाच, इजिप्तच्या वाळूतून निघालेल्या हजारो पपायरसांमुळे (लव्हाळ्याच्या कागदावरच्या लिखाणांमुळे) नव्या कराराचं ग्रीक ही रोजच्या व्यवहाराची, पावत्या आणि घरगुती पत्रांची भाषा होती हे जे कळलं, तेही त्यांच्या दीडशे-दोनशे वर्षांनंतरचं. त्यांना भक्तीसाठी वाचा. कुठल्या गावी काय होतं ते त्यांना विचारू नका. चॅटबॉटला विचारत असाल तर त्याने दिलेलं प्रत्येक वचन प्रतीत उघडून पाहा. नसलेली वचनं तो फार आत्मविश्वासाने देतो.

पत्रं वाचताना एक लक्षात असू द्या: आपण फोनवरच्या संभाषणाची एकच बाजू ऐकतोय. १ करिंथ ७:१ मध्ये पौल सरळ म्हणतो, तुम्ही ज्या गोष्टींविषयी लिहिलं त्याविषयी. त्यांचं पत्र आपल्याकडे नाही. आणि मूळ ग्रीकमध्ये अवतरणचिन्हं नसतात, त्यामुळे ६:१२ मधलं ‘मला सगळ्याची मोकळीक आहे’ हे पौलाचं मत की करिंथकरांचं घोषवाक्य जे तो परतवतोय, हे अनुवादकाने ठरवलेलं असतं. काव्याचं तसं नाही. हिब्रू काव्यात यमक नादाचं नसतं, अर्थाचं असतं. आकाश देवाचा महिमा सांगतं, अंतराळ त्याच्या हातची कृती दाखवतं (स्तोत्र १९): तीच गोष्ट दोनदा, थोडी सरकवून. म्हणून ते अनुवादात टिकतं, आणि म्हणूनच दुसऱ्या ओळीतून वेगळा सिद्धान्त काढायचा नसतो.

राहता राहिलं लेवीय. ते तुम्हांला रुक्ष वाटलं कारण मागच्या पुस्तकासारखी गोष्ट त्यात शोधत होतात. ती याजकांची पोथी आहे. रचना अशी: १ ते ७ अर्पणं, ८ ते १० याजकांची स्थापना, ११ ते १५ शुद्ध-अशुद्ध, १६ प्रायश्चित्ताचा दिवस, १७ ते २६ पवित्र जगण्याचे नियम, २७ नवस. अशुद्ध म्हणजे पापी असं समजून वाचलंत तर ११ ते १५ हे अध्याय अन्यायाचे वाटतील. बाळंतीण अशुद्ध ठरते, आणि बाळ तर देवाचा आशीर्वाद. प्रेताला शिवलेला अशुद्ध (गणना १९), आणि घरच्या माणसाला पुरणं हे तर कर्तव्य. म्हणजे ही एक अवस्था आहे, येते आणि ठरल्या विधीने जाते, गुन्हा नव्हे. आणि ज्या वचनाला येशू दुसरी थोर आज्ञा म्हणतो, शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर, ते याच पुस्तकात आहे, १९:१८. त्या अध्यायात शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी सोडा, मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नका, बहिऱ्याला शिव्या देऊ नका हेही आहे. प्रेम म्हणजे काय याची यादीच आहे ती.

तेव्हा पहिल्या अध्यायापासून पुन्हा सुरू करू नका. १६वा घ्या, सगळ्या पुस्तकाच्या मधोमध तोच आहे. त्याच्या पहिल्याच वचनात पहिला महायाजक अहरोन याच्या दोन मुलांच्या मृत्यूचा उल्लेख आहे. ते कसे मेले ते तिथे सांगितलेलं नाही. त्यासाठी १०व्या अध्यायात मागे जावं लागेल, आणि तिथे त्यांनी नेमकं काय केलं हे समजायला ८वा आणि ९वा वाचावा लागेल. हे तीन दिवसांचं काम आहे, आणि त्यासाठी प्रत आणि पेन्सिल सोडून काही लागत नाही.